घराची फाइल देण्याआधी चौकशीचं पान वाचा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या गटांच्या बैठकांना आम्ही समन्वयक जातो, तेव्हा एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "ताई, गटाचा हप्ता एकही चुकला नाही. तरी घराच्या कर्जाला बँकेचे साहेब म्हणतात, तुमच्या सिबिलमध्ये चौकशा फार आहेत. आम्ही एवढी कर्जं घेतलीच नाहीत, मग चौकशी कसली?"

आजचं बोलणं या एकाच शब्दावर आहे. चौकशी म्हणजे काय, ती आपल्या नावावर कशी चढते, घरकर्ज देताना बँक तिच्यातून काय वाचते आणि फाइल देण्याआधी आपण काय करायचं. हातात वही-पेन घेऊन ऐकलं तर बरं, कारण शेवटी गटात करायचं एक काम सांगणार आहोत.

चौकशी म्हणजे काय

आपल्या देशात कर्जदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत त्या चालतात. सिबिल सगळ्यात जुनी, म्हणून आपण सगळ्यांनाच 'सिबिल' म्हणतो. पण कंपन्या चार आहेत हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

या कंपन्या जो अहवाल देतात, त्यात ३०० ते ९०० मधला एक आकडा असतो. त्याला आपण गुण म्हणू. आपण सगळ्या त्या आकड्याकडेच बघतो. पण बँकेचा माणूस पुढची पानंही बघतो. एका पानावर आपली कर्जखाती असतात: कोणतं कर्ज, किती, हप्ते वेळेवर भरले की नाही. दुसऱ्या पानावर चौकशांची यादी असते. कोणत्या बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं, कोणत्या तारखेला, कशाच्या कर्जासाठी आणि किती रकमेसाठी आपला अहवाल मागवला, ते तिथं ओळीनं लिहिलेलं असतं.

म्हणजे चौकशी ही कर्जाची नोंद नव्हे, अर्जाची नोंद आहे. कर्ज मिळो न मिळो, आपण घेवो न घेवो, अर्ज झाला आणि त्यांनी अहवाल उघडला की ओळ पडली.

सोयरीक जमवताना आपण मुलाची चौकशी करतोच ना? एका मुलाला पाच घरची माणसं बघून गेली आणि कुठंच जुळलं नाही, तर सहाव्या घरचे विचारतात, "का बरं जुळलं नसेल?" मुलात खोट असेलच असं नाही. कुठं पत्रिका जुळली नसेल, कुठं त्यानंच नाही म्हटलं असेल. पण सहाव्याच्या मनात प्रश्न तर येतो. बँकेचं अगदी तसंच आहे. अहवालात चौकशी दिसते, पण नकार कोणी दिला आणि का दिला, हे त्यात लिहिलेलं नसतं.

ही ओळ कुठून चढते

बऱ्याच मैत्रिणींना वाटतं, आपण बँकेत गेलोच नाही तर चौकशी कोण करणार? आता बघा.

दिवाळीच्या आधी जळगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारात फ्रीज घ्यायला जातो. दुकानदार म्हणतो, "बिनव्याजी हप्त्यावर घ्या, फक्त पॅन, आधार आणि ओटीपी द्या." तो हप्ता म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. ओटीपी सांगितला की चौकशी झाली.

मोटरसायकलच्या शोरूममध्ये एकच फॉर्म भरतो, पण तिथला माणूस तो तीन-चार कंपन्यांना पाठवतो, जी आधी मंजूर करेल तिचं कर्ज. आपल्याला गाडी एक मिळते, ओळी चार पडतात.

मोबाइलवर जाहिरात येते, "तुम्हाला किती कर्ज मिळेल ते दोन मिनिटांत बघा." आपण नुसतं बघायला जातो. पॅन टाकतो, एका चौकटीत खूण करतो, पुढे जातो. ती खूण म्हणजे अनेकदा अहवाल उघडायला दिलेली संमतीच असते.

गावात छोट्या कर्जाच्या कंपन्यांची माणसं येतात. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण लघुकर्ज देताना त्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. त्यामुळे त्यांना अहवाल उघडून बघावाच लागतो. यात चूक काही नाही. पण एकाच आठवड्यात तीन कंपन्यांच्या बैठकीला बसलो आणि तिघांना कागद दिले, तर तीन ओळी.

आणि शेवटचं, सगळ्यात न कळणारं. आपण दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहतो किंवा सहकर्जदार म्हणून सही करतो. दिराच्या ट्रॅक्टरसाठी, भाच्याच्या शिक्षणासाठी. तेव्हा आपलाही अहवाल उघडला जातो, आणि कर्ज मंजूर झालं की ते आपल्याही खात्यांच्या पानावर दिसू लागतं.

बँक त्यातून काय वाचते

समजा, पारोळा तालुक्यातली एक ताई आहे. नवरा-बायकोची मिळून महिन्याची कमाई ३०,००० रुपये. घर बांधायला ८ लाखांचं कर्ज हवं आहे. दिवाळीत तिनं हप्त्यावर टीव्ही घेतला: एक चौकशी. नोव्हेंबरमध्ये मुलाची मोटरसायकल तिच्या नावावर घेतली, शोरूमनं चार कंपन्यांना फॉर्म पाठवला: चार चौकशा. डिसेंबरमध्ये दोन ॲपवर 'किती मिळेल' ते पाहिलं: दोन चौकशा. जानेवारीत घरकर्जासाठी एजंटला कागद दिले, त्यानं तीन ठिकाणी फाइल टाकली: तीन चौकशा. फेब्रुवारीत ती स्वतः बँकेत गेली. तिच्या हिशेबानं तिची कर्जं दोन. बँकेच्या कागदावर मात्र चार महिन्यांत दहा ओळी.

साहेबांच्या मनात तिथं तीन प्रश्न येतात.

पहिला: या घराला अचानक पैशाची एवढी गरज का पडली? घरकर्ज १५-२० वर्षांचं असतं. ज्या घराला आज चारी दिशांना पैसा शोधावा लागतो, ते घर पुढची पंधरा वर्षं हप्ता भरेल का?

दुसरा: दहा चौकशा आणि कर्जं दोनच, मग बाकीच्यांनी नकार दिला का? आपल्याला माहीत आहे की मोटरसायकलच्या चार ओळी एकाच गाडीच्या आहेत. साहेबांना ते आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: यातलं एखादं कर्ज मंजूर झालं असेल, पण अजून अहवालात दिसत नसेल तर? कर्ज दिल्यावर ते खात्यांच्या पानावर यायला काही दिवस लागतात. १ जानेवारी २०२५ पासून कर्जदात्यांनी दर पंधरवड्याला माहिती पाठवायची असा नियम झाला, त्यामुळे ही वाट पूर्वीपेक्षा कमी झाली. पण मधल्या दिवसांत चौकशी दिसते आणि हप्ता दिसत नाही. बँक आपल्या कमाईतून आधीचे हप्ते वजा करून नवा हप्ता झेपेल का ते मोजते. लपलेला हप्ता निघाला तर तिचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून ताजी चौकशी दिसली की बँक हात आखडता घेते.

चौकशी कशाची आहे, तेही बघतात. विनातारण वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, ॲपचं कर्ज यांच्या चौकशा एकापाठोपाठ असतील तर त्या जास्त खटकतात. एखादी घरकर्जाची किंवा शेती अवजाराची चौकशी तेवढी खटकत नाही.

किती फरक पडतो

इथं दोन्ही बाजू नीट समजून घेऊ. एका-दोन चौकशांनी घरकर्ज अडत नाही. गुणांवर सगळ्यात मोठा परिणाम हप्ते वेळेवर भरण्याचा होतो. जिचा एक हप्ता तीन महिने थकला, तिचं नुकसान चार चौकशा झालेलीपेक्षा खूप जास्त आहे. आणि गुण मोजायचं नेमकं सूत्र या कंपन्या जाहीर करत नाहीत. त्यामुळे "एका चौकशीला अमुक गुण कापतात" असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर त्यावर विसंबू नका.

आणखी एक ऐकीव गोष्ट: "पंधरा दिवसांत कितीही बँकांत घरकर्जाचे अर्ज करा, एकच चौकशी धरतात." ही पद्धत अमेरिकेतली आहे, तिथं गुण मोजताना ठरावीक दिवसांतल्या घरकर्जाच्या चौकशा एक धरतात. आपल्याकडे तिच्या भरवशावर राहू नका. इथल्या अहवालात प्रत्येक चौकशी वेगळ्या ओळीत छापलेली दिसते, आणि साहेब ती एकेक ओळ वाचतात.

मग काळजी कशाला करायची? कारण घरकर्जात थोडा फरकही मोठा होतो. काही बँका गुणांप्रमाणे व्याजदर कमी-जास्त ठेवतात. समजा ८ लाखांचं कर्ज १५ वर्षांसाठी घेतलं. ९ टक्के व्याजानं महिन्याचा हप्ता साधारण ८,११४ रुपये येतो. १०.५ टक्क्यांनी तो ८,८४३ रुपये होतो. महिन्याला ७२९ रुपयांचा फरक. पंधरा वर्षांत तो १ लाख ३१ हजारांच्या वर जातो. एवढ्यात घराचं शौचालय आणि पाण्याची टाकी होऊन जाते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. घरात आजारपण आलं, पेरणीला पैसा कमी पडला, तर चौकशीला घाबरून सावकाराच्या दारात जाऊ नका. गरजेचं कर्ज बँकेतून, गटातून, नोंदणी असलेल्या संस्थेतूनच घ्या. टाळायच्या त्या बिनकामाच्या चौकशा, गरजेच्या नव्हे.

खान्देशचं वर्ष आणि सहा महिने

घरकर्जाची फाइल देण्याआधी किमान सहा महिने नवा अर्ज कुठंच करायचा नाही, असं आम्ही गटांना सांगतो. हा काही कायदा नाही, पण बँका अलीकडच्याच चौकशांकडे जास्त बघतात. जुन्या चौकशीचं वजन दिवसेंदिवस कमी होत जातं, म्हणून ही सवय उपयोगी पडते.

आता हे आपल्या वर्षात बसवून बघा. आपल्याकडे कापूस दिवाळीच्या आगेमागे घरात येतो. हातात पैसा खेळतो तो तेव्हा. पावसाळ्याच्या आत छत पडावं म्हणून घराचं काम संक्रांतीनंतर सुरू करायचं, आखाजीपर्यंत उरकायचं, असं बहुतेक घरांचं ठरतं. म्हणजे बँकेची फाइल जाते ती जानेवारी-फेब्रुवारीत. त्याच्या आधीचे सहा महिने कोणते? श्रावण ते पौष. आणि बाजारात हप्त्याच्या जाहिराती सगळ्यात जास्त असतात त्या याच दिवसांत, नवरात्र आणि दिवाळीला.

म्हणून ज्या मैत्रिणीला येत्या संक्रांतीनंतर घर बांधायचं आहे, तिनं या दिवाळीला फ्रीज, टीव्ही, मोबाइल हप्त्यावर घेऊ नये. रोखीनं जमत असेल तर घ्या, नाहीतर घर झाल्यावर घ्या. गाडी घ्यायचीच असेल तर शोरूममध्ये स्पष्ट सांगा, "भाऊ, एकाच कंपनीला फॉर्म पाठवा. तिनं नाही म्हटलं तर मला विचारा, मग दुसरीकडे." आणि फॉर्मवर कोणत्या कंपन्यांना संमती दिली आहे, ते वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका. हे बोलायला संकोच वाटत असेल तर मुलीला नाहीतर गटातल्या शिकलेल्या मैत्रिणीला सोबत न्या.

आधी कागद, मग सिबिल

आता एक युक्ती, जी फार थोड्या जणी करतात.

आपल्या भागात घरकर्जाच्या फाइली गुणांमुळे अडतात, तशा कागदांमुळेही अडतात. जागा गावठाणातली, नमुना ८ अजून सासऱ्यांच्या नावावर, प्लॉट बिनशेती झालेला नाही, वाटणीपत्र नोंदवलेलं नाही. अशी फाइल बँक परत करते. कागद पुरे नाहीत म्हणून ती परत आली, पण बँकेनं अहवाल तर पहिल्याच दिवशी उघडलेला असतो. ओळ राहते. आपण दुसऱ्या बँकेत जातो, तिथं पुन्हा तेच, दुसरी ओळ. तिसऱ्या बँकेला वाटतं, दोघांनी नकार दिला.

म्हणून बँकेत गेल्यावर आधी तोंडी विचारा. "साहेब, मी अजून अर्ज करत नाही. आमचे जागेचे कागद आधी बघून घ्या. अशा जागेवर तुमची बँक कर्ज देते का? व्याजदर काय, प्रक्रिया शुल्क किती, कोणते कागद लागतात?" हे विचारायला पॅन द्यावा लागत नाही, सही लागत नाही, ओटीपी तर नाहीच. असं तीन-चार बँकांत फिरा, वहीत लिहून आणा, घरात बसून तुलना करा. ग्रामपंचायतीतून, तलाठ्याकडून जे कागद हवे ते मिळवा. मग एक बँक ठरवा आणि तिथं एकच फाइल द्या.

एजंटकडून काम करून घेणार असाल तर त्यालाही हेच सांगा: माझ्याशी बोलल्याशिवाय दुसऱ्या बँकेत फाइल टाकायची नाही. पॅन आणि आधारच्या झेरॉक्सवर आडवी रेघ मारून बँकेचं नाव, 'फक्त घरकर्जासाठी' आणि तारीख लिहा.

आधीच चौकशा झालेल्या असतील तर? साध्या कागदावर खुलासा लिहा. "दि. अमुक रोजीच्या चार चौकशा एकाच मोटरसायकलच्या आहेत, कर्ज एकच घेतलं, त्याचा हप्ता इतका. ॲपवरच्या दोन चौकशांतून कर्ज घेतलेलं नाही." खाली सही करा, सोबत पासबुकाची पानं जोडा. बँकेच्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळालं की अर्धी शंका तिथंच मिटते.

स्वतःचा अहवाल बघितल्यानं गुण कमी होतात का?

नाही. हा गैरसमज काढून टाका. आपण स्वतः आपला अहवाल कितीही वेळा बघितला तरी गुण कमी होत नाहीत. आपल्याच जुन्या बँकेनं, आपण अर्ज न करता, खातेदारांचा आढावा घेतला तरी होत नाहीत. नव्या कर्जाच्या अर्जासाठी झालेली चौकशीच तेवढी मोजली जाते.

चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम जानेवारी २०१७ पासून आहे. म्हणजे वर्षात चार अहवाल फुकट मिळतात. आणि इथं चार कंपन्या लक्षात ठेवायचं कारण येतं. कर्जखाती चारही ठिकाणी पोचवणं कर्जदात्यांवर बंधनकारक आहे, पण चौकशी मात्र ज्या कंपनीकडून अहवाल मागवला तिच्याकडेच नोंदली जाते. म्हणून सिबिलमध्ये दोन चौकशा आणि हाय मार्कमध्ये सात, असं होऊ शकतं. हाय मार्कची सुरुवात लघुवित्ताच्या नोंदींपासून झाली, त्यामुळे छोट्या कर्जाच्या कंपन्यांशी व्यवहार असलेल्या मैत्रिणींनी सिबिलसोबत तोही अहवाल बघावाच. घरकर्जात नवरा-बायको दोघं अर्जदार असतील तर दोघांचेही बघा, कारण बँक दोघांचे मागवणार.

अहवाल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढायचा. पॅन, जन्मतारीख आणि मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो. तिथं पैसे भरून वर्षभराची सेवा घ्या असंही दाखवतात, ते घ्यायची गरज नाही. फुकटचा वार्षिक अहवाल शोधा. जमत नसेल तर बँक सखी, सीआरपी ताई किंवा माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रातल्या ताईंसमोर बसून काढा. मोबाइल मात्र आपल्या हातात ठेवा.

मोबाइल नंबरही तपासा. आपल्याकडे कितीतरी बायांच्या कर्जाच्या कागदांवर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर असतो. कोणी आपला अहवाल उघडला की कर्जदाराला एसएमएस किंवा ईमेलनं कळवावं, असं रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आणि एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. पण नंबरच आपला नसेल तर निरोप आपल्यापर्यंत येणार कसा? म्हणून बँकेत जाऊन आधी आपला नंबर नोंदवा.

ओळ आपली नसेल तर

अहवालात एखादी चौकशी अशी निघते की त्या कंपनीचं नावही आपण कधी ऐकलेलं नसतं. दोन कारणं असू शकतात.

एक, नावाचा घोळ. आपल्या भागात एका आडनावाची, एका नावाची, कधी एका गावचीही दोन माणसं असतात. त्यात लग्नाआधीचं नाव पॅनवर, लग्नानंतरचं आधारवर. नोंदी एकमेकींत मिसळतात. म्हणून पॅन, आधार आणि बँक पासबुकावरचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या.

दोन, आपल्या कागदांवर दुसऱ्यानं अर्ज केला. हे जास्त गंभीर. त्या कंपनीला लेखी विचारा, कर्ज निघालेलं असेल तर पोलिसांत तक्रार द्या.

दोन्ही वेळी ज्या कंपनीच्या अहवालात ओळ आहे, तिच्याकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. त्याला पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर वहीत लिहून घ्या.

पण जी चौकशी खरी आहे, आपणच ओटीपी दिला होता, ती पुसता येत नाही. "पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणारा माणूस भेटला तर त्याला पैसेही देऊ नका आणि पॅनही देऊ नका. खरी नोंद तो पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद आपण फुकटात दुरुस्त करू शकतो.

नोंदच नाही, मग?

काही मैत्रिणी म्हणतात, "ताई, माझ्या नावावर कधी कर्जच नाही, सगळं नवऱ्याच्या नावावर. मला कोण देणार?" गुण नसणं म्हणजे वाईट गुण नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं लोकसभेतही ते सांगितलं, आणि रिझर्व्ह बँकेनं कर्जासाठी कोणतेही किमान गुण ठरवलेले नाहीत हेही सांगितलं. किती गुणांना कर्ज द्यायचं, ते प्रत्येक बँक स्वतः ठरवते. म्हणून एका बँकेचं 'नाही' म्हणजे सगळ्यांचं 'नाही' असं धरू नका.

शिवाय बचत गटाच्या सभासदांची माहितीही या कंपन्यांना कळवावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये बँकांना सांगितलं. म्हणजे गटातून घेतलेलं आणि वेळेवर फेडलेलं कर्ज हे आपल्या नावाचं भांडवल होऊ शकतं. गटाचा हप्ता वेळेवर भरा, हे आम्ही उगाच सांगत नाही.

नावाचा मुद्दा छोटा नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा हिस्सा घरच्या लक्ष्मीच्या नावावर केला, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. आज घर विकत घेताना ते बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. १२ लाखांच्या घराला १२ हजार वाचतात. म्हणून घरात विचार होतो, "घर बाईच्या नावावर घेऊ." चांगलंच आहे. पण घर आपल्या नावावर घ्यायचं तर बँक कर्जासाठी आपलाच अहवाल उघडणार. त्यात आपण न घेतलेल्या मोबाइलची, दुसऱ्याच्या गाडीची, न वाचता दिलेल्या ओटीपीची ओळ असेल, तर घरातले म्हणतील, "जाऊ दे, तुझं सिबिल बसत नाही, माझ्याच नावावर करू." आपल्या नावावर होणारं घर अशा ओळींमुळे हातचं जायला नको.

गटात करायचं काम

तर आता वहीत लिहून घ्या. पुढच्या मासिक बैठकीत ज्यांना येत्या दोन वर्षांत घर बांधायचं किंवा घ्यायचं आहे, त्या सभासदांची नावं वेगळी काढा. त्या प्रत्येकीनं वहीच्या एका पानावर चार रकाने आखायचे: तारीख, कोणाला पॅन किंवा ओटीपी दिला, कशासाठी, आणि पुढे काय झालं. मागच्या वर्षभरातलं जे आठवेल ते भरायचं. मग सिबिलचा आणि हाय मार्कचा फुकटचा अहवाल काढून चौकशीच्या पानाशी ते ताडून बघायचं. वहीत आहे आणि अहवालातही आहे, ती ओळ आपली. तिचा खुलासा तयार ठेवायचा. अहवालात आहे पण वहीत नाही, तिच्यावर लाल खूण करायची आणि त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज टाकायचा.

ज्या सभासदेला वाचता येत नाही, तिच्याजवळ वाचता येणाऱ्या सभासदेनं बसायचं. एका बैठकीत दोन-तीन जणींचे अहवाल झाले तरी पुरे. शिरपूरच्या असोत, साक्रीच्या असोत की चोपड्याच्या, काम सगळीकडे हेच आहे. अहवाल बघताना एखादी ओळ कळली नाही तर तिची तारीख आणि कंपनीचं नाव लिहून आमच्याकडे पाठवा. पॅन नंबर मात्र पाठवू नका. तो आम्हालाही लागत नाही.